हातचा

कसाऱ्याकडे जाणारी लोकल डोंबिवली स्थानकात शिरली की डब्यात एकच झुंबड उडते. उतरणारे आणि चढणारे यांच्या रेटारेटीत कोणाचे लक्ष फलाटावरच्या पाटीकडे जात नाही. जाण्याचे कारणही नसते. आमचे मात्र हमखास जाते. मुंबईतील काम आटोपून आसनगावला उतरायचे आणि तेथून शहापूरच्या आमच्या मुक्कामी परतायचे, हा प्रवास आम्ही कित्येक वर्षे केला. मुरबाडच्या बाजूला जायचे असले तर कल्याणला उतरून एस.टी. धरायची. दोन्ही वाटांवर डोंबिवली लागतेच. आणि डोंबिवली लागली की आम्हांला एक शाळामास्तर, एक सतरा अंकी संख्या आणि एक कातकरी मुलगा अशी तिघांची आठवण एकदमच होते. या तिघांचा परस्परांशी संबंध काय, असे वाचक विचारतील. तोच सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे. त्यात थोडे गणित येईल; त्याहून थोडी अधिक आमची कबुली येईल.

प्रथम शाळामास्तरांविषयी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचा आधार नाही. शाळेच्या कामातून वेळ मिळेल तेव्हा हा मनुष्य अंकांशी खेळत बसे. गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जाई. विद्वानांपैकी पुष्कळांना हा सारा पोरखेळ वाटे. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला या शिक्षकाची ओळख पटली. निवृत्तीनंतर वेतन पुरेना म्हणून ते शिकवण्या घेत. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कापरेकरांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः ६१७४ या संख्येमुळे. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथून पुढे ते हलत नाही. त्यांच्याच जन्माचे साल घेऊन पाहा. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ राहिले. त्यापुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.

परंतु आमच्या आठवणीतली संख्या ही नव्हे. ती डोंबिवलीची आहे. जी.आय.पी. रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे, हिच्यावर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या या स्थानकात कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. तेव्हा त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव दिले. मात्र ते 'डेम्लो' असे केले. कोणी आपल्या शोधाला राजाचे नाव देतो, कोणी स्वतःचे. या मास्तरांनी आगगाडी थांबते त्या ठिकाणाचे दिले. डेम्लो संख्यांचे कुळ मोठे आहे. त्यातल्या सर्वांत देखण्या संख्या शाळकरी मुलालाही काढता येतात.

अकराला अकराने गुणावे: १२१.
एकशे अकराला एकशे अकराने गुणावे: १२३२१.
११११ ला ११११ ने गुणावे: १२३४३२१.

असे एकेक एक वाढवीत गेलो आणि नऊ एकांच्या संख्येला, म्हणजे ११११११११११ मधला एक एक कमी करून उरणाऱ्या १११११११११ ला, तिनेच गुणले की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढ आणि नवापासून एकापर्यंत उतार. उजवीकडून वाचा की डावीकडून, तीच संख्या.

एवढी मोठी संख्या वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावे दिली आहेत. सहस्र, लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आमच्या संख्येचा डावीकडचा पहिला एक 'मध्य' नावाच्या सतराव्या घरात बसतो. परार्धाचे घर तेवढे रिकामे राहते.

आता त्या मुलाविषयी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हांला दीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरची मुले शिकायला राहत अशा एका लहानशा वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. मुले ठाकूर, वारली, कातकरी. ख्रिस्ती थोडी, बाकीची आपापल्या देवांची. त्यांत एक कातकऱ्याचा मुलगा होता. सातवीत शिकत होता. त्याचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर जाई. त्यामुळे पहिलीपासूनची त्याची अर्धीअधिक शाळा बुडालेली. झाडे, पाखरे, खेकड्यांची बिळे यांचे त्याला उदंड ज्ञान. पण फळ्यावर बेरीज दिसली की त्याचा चेहरा पडे. बेरीज त्याला येत नव्हती असे नाही. प्रत्येक घराची तो अचूक करी आणि हातचा विसरे. सत्तावीस आले की सात लिहायचा आणि दोन सोडून द्यायचा. मास्तर रागावत. आम्हीही रागावलो. 'अरे, हातचे दोन गेले कुठे?' असे विचारले की तो आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघे.

एका रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही मुलांना फळ्यावर डेम्लो संख्यांची ही चढण काढून दाखविली. मुले खूश झाली. नवापर्यंतचे उत्तर सर्वांनी एका सुरात वाचले. मग कोणीतरी विचारले, 'असं का होतं, फादर?' खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्यापाशी मुलांना समजेल असे उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. गुणाकार मात्र शाळेत पाठ केला तेवढाच. आम्ही गुणाकाराची रीत फळ्यावर मांडली. नऊ एकांची एक ओळ, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून दुसरी, तिच्याखाली तिसरी. अशा नऊ ओळी.

हा मुलगा मागे बसला होता. तो उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. स्वयंपाकघराची पडवी बांधायची म्हणून आवारात विटा आणून टाकल्या होत्या. थोड्या वेळाने मुलांचा गलका ऐकून आम्ही बाहेर गेलो, तर त्याने जमिनीवर नऊ विटांची एक रांग लावली होती. तिच्याखाली एक वीट डावीकडे सरकवून दुसरी रांग, मग तिसरी. थापलेल्या विटा वाळवायला मांडाव्यात तशा सफाईने त्याने नऊ रांगा मांडल्या आणि मग उभ्या ओळी बोटाने मोजू लागला. उजव्या टोकाला एक वीट, तिच्या शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ, पुढे पुन्हा आठ, सात, आणि डाव्या टोकाला एक. सतरा उभ्या ओळी. 'ही बघा तुमची संख्या,' तो म्हणाला. सारे गणित अंगणात मांडलेले होते. नऊ रांगा, प्रत्येकीत नऊ विटा, एकूण एक्याऐंशी. आणि त्या संख्येचे सतराही अंक मिळविले तरी एक्याऐंशीच भरतात. कारण प्रत्येक अंक म्हणजे त्या उभ्या ओळीतल्या विटा.

आम्ही विचारले, 'दहा एक घेतले तर काय होईल?' त्याने दहावी रांग लावली, प्रत्येक रांगेत एकेक वीट वाढविली आणि मोजले. मधल्या ओळीत दहा विटा आल्या. तो थबकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, 'फादर, या घरात दहा मावत नाय. नवाच्या वर झालं का शेजाऱ्याला द्यावं लागंल.' आम्ही म्हटले, 'दे मग.' मधल्या घरात शून्य राहिले आणि एक डावीकडच्या नवाकडे गेला. तेथेही दहा झाले; तेथेही शून्य राहून एक पुढे आठाकडे गेला. आठाचा नऊ झाला आणि तेथे वाटप थांबले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. पहिली सुबक चढण मोडली होती. इतर मुले हिरमुसली. त्या मुलाचा चेहरा मात्र उजळला होता. त्या दिवसापासून तो हातचा विसरला नाही.

या संख्येचे आणखी गुण आम्ही पुढे त्याच्याचबरोबर धुंडाळले. १२३४५६७९ अशी संख्या लिहावी. आठ तेवढा गैरहजर. तिला नवाने गुणले की नऊ एक येतात. म्हणजे आमची सतरा अंकी संख्या ही १२३४५६७९ चा वर्ग आणि एक्याऐंशी यांचा गुणाकार झाली. तिच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी, आणि त्याच एक्याऐंशीने तिला निःशेष भागही जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' असे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. बारा ही हर्षद, अठरा ही हर्षद, आणि आमची ही अजस्र संख्याही हर्षदच. मुलाला हे नाव फार आवडले. भाग गेला की शेवटी काही उरत नाही, कोणाचे कोणावर काही राहत नाही, यात हर्ष आहे हे त्याला सांगावे लागले नाही. का सांगावे लागले नाही, ते आम्हांला नंतर उमगले.

त्याच हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन नाणेघाट चढलो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठायचे आणि तेथून जंगलातून पायवाटेने वर जायचे. माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी शिलालेख आहे. दोन हजार वर्षांहूनही जुना. नागनिका राणीच्या नावाशी तो जोडला जातो. केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची त्यात यादी आहे: १,७०० गाई, ११,००० गाई, २४,४०० कार्षापण. भारतात दगडावर कोरलेल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत या यादीची गणना होते. गंमत म्हणजे त्या अंकांना आजच्यासारखी घरे नाहीत आणि शून्यही नाही. हजाराचे चिन्ह वेगळे, शंभराचे वेगळे. त्यांनाच चाराचे किंवा विसाचे चिन्ह जोडून चारशे, चार हजार, वीस हजार लिहायचे. शून्य आणि घरे ही पुढची देणगी. आम्ही हे सारे मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. घाटाच्या तोंडाशी असलेला जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण मुलांनी आत डोकावून पाहिला. तेवढ्यात या मुलाने विचारले, 'फादर, ओझी घेऊन ही वाट चढली ती माणसं किती, ते लिवलंय का?' त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पाऊस तोंडावर आला तेव्हा त्याचा बाप भट्टीवरून परतला आणि वसतिगृहात आला. ओसरीवर बसला. पाणी प्याला. मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, 'फादर, शेठनी हिशेब दिला. अजून आमच्यावर बाकी निघते म्हणतात. पुढल्या साली फेडायची. जरा बघा ना.'

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवाळीच्या सुमारास मुकादम पाड्यावर येतो आणि अंगावर उचल देतो. त्या उचलीसाठी कुटुंब भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते. किती हजार विटा थापल्या याचा आकडा मालकाच्या वहीत चढतो, आणि हंगाम संपला की मजुरीतून उचल व खर्ची वजा होऊन हिशेब होतो. बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते आणि कुटुंब पुन्हा त्याच भट्टीवर बांधले जाते. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. वहीतला आकडा मात्र ज्याला वाचता येतो त्याच्याच बाजूने बोलतो.

आम्ही कागद हाती घेतला. अक्षर सुरेख होते, खाली रेघ मारून बेरीज लिहिलेली होती. आम्ही तो वरून खालपर्यंत नजरेखालून घातला आणि म्हणालो, 'बरोबर दिसतो आहे, बाबा.' बापाने मान हलविली. त्याच्या मानेला ती सवय असावी.

मुलगा दाराशी उभा होता. त्याने कागद मागितला. ओसरीच्या पायरीवर बसून त्याने पाटीवर आकडे उतरवून घेतले. सहा महिन्यांचे सहा आकडे होते: १८,४५०, २१,३००, १९,७५०, २२,६००, २०,९००, १७,५००. खाली बेरीज लिहिली होती ९०,५००. मुलगा हळूहळू, ओठ हलवीत, उजवीकडून डावीकडे गेला. मग पाटी घेऊन आमच्यासमोर आला आणि म्हणाला, 'फादर, हातचे तीन घ्यायचे राहिले.'

आम्ही पुन्हा बेरीज केली. एकदा केली, दोनदा केली. खरी बेरीज १,२०,५०० होती. सहस्राच्या घरात तीस भरले होते. तेथे शून्य लिहिले होते आणि हातचे तीन दशसहस्राच्या घरात पोचलेच नव्हते. तीस हजार विटा. नवरा, बायको आणि धाकटी पोर यांनी पहाटेच्या थंडीत गारा तुडवून, साच्यात भरून, एकेक करून जमिनीवर उपडी केलेल्या तीस हजार विटा एका अंकाच्या जागी नाहीशा झाल्या होत्या. त्या विटांच्या मजुरीत अंगावरची बाकी फिटून वर काही रक्कम उरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोघांना घेऊन भट्टीवर गेलो. वही लिहिणाऱ्या माणसाने पाटी पाहिली, वही पाहिली, आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, 'हातचा राहिला वाटतं, फादर. घाईत होतं असं.' त्याने आकडा दुरुस्त केला, पैसेही दिले. चूक होती की लबाडी, हे तो जाणे आणि देव जाणे. आम्ही त्याचा न्याय करायला बसलेलो नाही. आम्हांला बोचते ते निराळेच. परतीच्या वाटेवर एस.टी.त बसल्यावर बाप अगदी सहज म्हणाला, 'गेल्या साली न् त्याच्या आधल्या साली पण कागद तुम्हालाच दावला होता, फादर. तुम्ही बरोबर म्हणाला होता.'

आम्हांला ते आठवत नव्हते. नंतर आठवले. एकदा पवित्र आठवड्यातल्या विधींची तयारी चालू होती, एकदा पाहुणे आलेले होते. दोन्ही वेळा आम्ही सुरेख अक्षर पाहिले आणि कागद परत केला. ते कागद आता कोठे आहेत, असे आम्ही विचारले. 'चुलीत गेलं,' तो म्हणाला. त्या दोन वर्षांच्या बेरजा बरोबर होत्या की चूक, हे आता कोणालाही कधीच कळणार नाही. ज्या माणसाला आम्ही फळ्यासमोर उभे राहून हातचा न विसरण्याबद्दल रागावत होतो त्याच्या बापाचा हिशेब तपासायला आम्हांला पाच मिनिटे सापडली नव्हती. त्या आठवड्यात आम्ही आमच्या कबुलीगुरूंकडे गेलो. पाप म्हणून ते कोणत्या सदरात मांडावे हे आम्हांला समजेना. गुरुजी म्हणाले, केलेल्या गोष्टींइतकेच न केलेल्या गोष्टींचेही ओझे असते, आणि प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण ते तोंडाने कबूल करीतच असतो.

मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात तोच इशारा कारखान्यांच्या युगाला दिला. स्वर्गाकडे न्याय मागणाऱ्या पापांची यादी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. तीत हे पाप आहे. आम्ही त्यावर प्रवचनेही केली होती. पण तो आक्रोश एखाद्या सुवाच्य कागदावर, बेरजेच्या रेघेखाली, अगदी शांतपणे पडलेला असू शकतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो ऐकायला कान लावून भागत नाही. बेरीज करावी लागते.

पवित्र शास्त्रात मोजणीचे दोन प्रकार दिसतात. दावीद राजाने आपल्या लोकांची शिरगणती करविली. आपले बळ किती, हे त्याला पाहायचे होते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस त्या मोजणीचा पश्चात्ताप आहे. दुसरी मोजणी मेंढपाळाची. त्याच्या शंभरातली नव्याण्णव जागच्या जागी आहेत आणि तरी त्याला बेरीज पुरी वाटत नाही. पहिल्या मोजणीत संख्या मोठी होते आणि माणूस लहान. दुसरीत एकासाठी संपूर्ण हिशेब थांबतो. आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीतही आम्ही दरवर्षी आकडे भरतो: बाप्तिस्मे इतके, विवाह इतके, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणारे इतके. ते भरताना आम्ही यांपैकी कोणती मोजणी करीत असतो, हा प्रश्न त्या पाटीपासून आम्हांला सुटलेला नाही.

आणि एक संख्या. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी उभा आहे. रात्रभर रित्या हाताने राहिलेल्या शिष्यांच्या जाळ्यात मासळी लागते आणि पेत्र जाळे ओढून आणतो. मासे मोठे, आणि मोजून एकशे त्रेपन्न. ही संख्या का, यावर संत अगस्तीन यांनी प्रवचनात विचार केला आहे. दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दाने मिळून सतरा. आणि एकापासून सतरापर्यंत सर्व संख्यांची बेरीज एकशे त्रेपन्न. ते वाचताना आम्हांला आमच्या अंगणातल्या सतरा उभ्या ओळी आठवल्या. मग एका रात्री सहज आणखी एक खेळ करून पाहिला. कोणतीही तीनने भाग जाणारी संख्या घ्यावी, तिच्या प्रत्येक अंकाचा घन करून बेरीज घ्यावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. अखेर एकशे त्रेपन्नच येते आणि तेथेच ठरते. आम्ही त्या एक्याऐंशी विटा घेतल्या. आठाचा घन ५१२, एकाचा एक, मिळून ५१३. पाचाचा घन १२५, एकाचा एक, तिनाचा २७, मिळून १५३. दोन पावलांत विटा माशांपाशी पोचल्या.

यात काही गूढ संकेत आहे असे आम्ही म्हणत नाही, आणि वाचकांनीही म्हणू नये. अंकांना शुभाशुभ मानणे हे श्रद्धेचे काम नव्हे. अंकगणिताचे नियम शुभवर्तमान लिहिले गेले त्याआधीही हेच होते. आम्हांला त्या प्रसंगात भावते ते इतकेच की, प्रत्यक्ष प्रभू समोर उभा असताना, निखाऱ्यांवर न्याहारी तयार असताना, कोणीतरी खाली बसून मासे मोजले. तो कोळ्यांचा धंदा होता; वाटणी व्हायची होती, ज्याचा वाटा त्याला मिळायचा होता. त्या पवित्र क्षणीही तो हिशेब कोणाला क्षुद्र वाटला नाही, आणि शुभवर्तमानकाराने आकडा गोल न करता शेवटच्या तिनापर्यंत लिहून ठेवला.

तो मुलगा गणिती झाला नाही. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आज तो गवंडीकाम करतो, त्याला दोन मुले आहेत आणि ती शाळेत जातात. हंगाम संपला की त्याच्या पाड्यावरची आणि आजूबाजूच्या दोन-तीन पाड्यांवरची माणसे आपापले कागद घेऊन त्याच्या अंगणात येतात. तो चटईवर बसतो आणि प्रत्येक कागदाची बेरीज, अक्षर कितीही सुरेख असो, पहिल्यापासून नव्याने करतो. मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा असाच बसला होता. आम्हांला पाहून उठू लागला. आम्ही त्याला उठू दिले नाही. शेजारी बसलो. त्याने ढिगातले दोन कागद आमच्या पुढे सरकवले आणि म्हणाला, 'फादर, एवढे तुम्ही करा.'

आम्ही खिशातून पेन काढले आणि एककाच्या घरापासून सुरुवात केली.